शापाचं सोड, बंड्या

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

चि. बंड्यास,

संध्याकाळी ताईचा फोन येऊन गेला. तुझ्या संघातली पोरं गुणतक्त्यात पहिल्या नंबरवर असताना तुला ‘सोमवारपासून येऊ नका’ म्हणून सांगितलं, आणि तेही व्हॉट्सॲपवर. वाईट झालं, त्यात दुमत नाही. पण ताईनं पुढं सांगितलं की निघताना तू गेटवर उभा राहून म्हणालास, ‘माझ्याशिवाय ह्यांना एक कप मिळाला तर नाव बदलीन.’ हे ऐकून मला हसू आलं. रागावू नकोस लेका. साठ वर्षांपूर्वी लिस्बनमध्ये एक कोच असंच काहीसं बोलून गेला, असं सांगतात. त्याचं नाव बेला गुटमन.

‘बेनफिकाचा शाप’ तू मोबाइलवर बघितला असशीलच. गुटमननं बेनफिकाला लागोपाठ दोनदा युरोपियन कप मिळवून दिला, 1961 आणि 1962. मग त्यानं पैसे वाढवून मागितले, संचालकांनी हात वर केले, आणि हा जाताना म्हणाला की पुढची शंभर वर्षं तुम्हाला युरोपचा कप मिळणार नाही. त्यानंतर बेनफिका युरोपातल्या आठ फायनल हरलं: 1963, 1965, 1968, 1983, 1988, 1990, 2013, 2014. त्यातली 1990 ची तर व्हिएन्नात होती, म्हणजे जिथं गुटमनला पुरलंय त्याच गावात. सामन्याआधी गुटमनचा जुना खेळाडू युसेबिओ त्याच्या कबरीवर जाऊन प्रार्थना करून आला. तरी मिलाननं एका गोलनं हरवलंच.

गोष्ट झकास आहे, पण मला पटत नाही. शाप देऊन गेलेला माणूस तीन वर्षांनी त्याच दारात पुन्हा नोकरीला येतो का? गुटमन आला, 1965 साली. आणि आठ वेळा फायनल गाठणं याला जर शाप म्हणायचं असेल, तर तो आपल्या पेठेतल्या पोरांना एकदा लागू दे, मी नारळ फोडतो.

शापाचं सोड. माणूस बघ.

जन्म बुडापेस्टचा, 1899 चा. आईवडील नाच शिकवायचे आणि हाही सोळाव्या वर्षी नृत्यशिक्षक होऊन बसला. खेळायचा एमटीके क्लबकडून, मधल्या फळीत. हंगेरीत ज्यूंना जगणं कठीण व्हायला लागलं तसा तो व्हिएन्नाला गेला आणि हाकोआ या ज्यूंच्या क्लबात शिरला. हाकोआनं 1925 ला ऑस्ट्रियाची लीग जिंकली, दुसऱ्या वर्षी संघ अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्यांना बघायला 46,000 माणसं जमली. गुटमन तिकडंच राहिला. खेळला, कमावलं, दारूबंदीच्या काळात एका चोरट्या गुत्त्यात भागीदारी केली आणि 1929 ला शेअर बाजार कोसळला त्यात सगळं घालवून बसला. तिशीत शून्यावर आलेला माणूस. पुढं हॉलंडमध्ये कोचिंग करून तो बुडापेस्टला परतला आणि 1939 ला उइपेश्त क्लबला हंगेरीची लीग आणि मित्रोपा कप मिळवून दिला.

त्यानंतर युद्ध. इथं मी थोडा थांबतो, कारण सगळे याच्यावरनंच उडी मारून शापाकडं पळतात. बरीच वर्षं कुणाला ठाऊकच नव्हतं की युद्धात गुटमन होता कुठं. काहींना वाटायचं स्वित्झर्लंडला निसटला असेल. डेव्हिड बोलचोव्हर यांनी त्याचं चरित्र लिहिलं तेव्हा नीट उलगडा झाला. हा आपल्या मेहुण्याच्या केस कापायच्या दुकानावरच्या माळ्यावर लपून बसला होता. खाली कात्र्या चालायच्या आणि वर हा श्वास धरून. नंतर त्याला वेठबिगारीच्या छावणीत नेलं. 1944 च्या डिसेंबरात तिथून पुढं रवानगी व्हायच्या आत तो पळाला. बरोबर एर्नो एर्बस्टाइन होता, तोच, ज्यानं पुढं तोरिनोचा तो थोर संघ बांधला आणि 1949 च्या सुपेर्गाच्या विमान अपघातात त्याच संघाबरोबर गेला. गुटमनचे वडील आणि बहीण वाचले नाहीत. नंतर आत्मचरित्रवजा पुस्तक निघालं त्यात गुटमननं या दिवसांवर जेमतेम दोन ओळी खर्च केल्या. या विषयावर इतकं लिहिलं गेलंय, मी वाचकाला आणखी कशाला त्रास देऊ, अशा अर्थाचं काहीतरी. फुटबॉलवर तासन्‌तास बोलणारा माणूस होता तो.

आता सांग, ज्यानं तो माळा बघितला त्याला क्लबच्या चेअरमनची काय भीती वाटणार?

युद्धानंतर रोमानियात त्यानं पगार भाजीपाल्यात मागून घेतला. देशात खायचे वांधे होते, पैशानं काय मिळणार? तिथल्या एका संचालकानं टीम निवडीत नाक खुपसलं, तर हा म्हणाला, तुम्हाला बरंच कळतं की, मग तुम्हीच चालवा. आणि निघाला. 1948 ला बुडापेस्टच्या किश्पेश्त क्लबात होता. सामन्यात एका बचावपटूचा खेळ त्याला रानटी वाटला, म्हणून मध्यंतरानंतर दहाच जणांनी खेळायचं असं त्यानं ठरवलं. संघातला कोवळा पुश्काश त्या खेळाडूला म्हणाला, तू मैदानात थांब. तो थांबला. गुटमन उठून प्रेक्षकांत जाऊन बसला, घोड्यांच्या शर्यतीचा पेपर वाचत सामना संपवला, ट्राम पकडली आणि त्या क्लबात परत पाऊल ठेवलं नाही.

हा पुश्काश लक्षात ठेव, पुन्हा येणार आहे.

मग इटली, अर्जेंटिना, सायप्रस. 1955 ला मिलान लीगमध्ये पहिल्या नंबरवर असताना क्लबनं त्याला काढलं. तुझंच प्रकरण, फक्त मोठ्या मैदानावर! त्यानं काय केलं बघ. पुढच्या करारांत तो एक कलम घालून घ्यायचा: संघ तक्त्यात पहिला असेल तोवर मला काढता येणार नाही. रडगाणं नाही, गेटवर भाषण नाही. एक ओळ, शाईनं. ह्याला म्हणतात कोच.

1957 ला साओ पावलोला जाऊन राज्याची स्पर्धा जिंकली. चार-दोन-चारची रचना ब्राझीलमध्ये रुजवण्यात त्याचा वाटा मानतात. पुढच्याच वर्षी ब्राझील जगज्जेतं झालं. तो मात्र पोर्तुगालला गेला. 1959 ला पोर्तोला लीग जिंकून दिली. गुण बेनफिकाइतकेच, फक्त गोलांच्या हिशेबात पुढं. आणि लगेच उठून गेला कुठं? बेनफिकात! एका तालमीच्या फुटबॉल संघाचा कोच हंगाम जिंकून दुसऱ्या दिवशी समोरच्या तालमीत गेला तर आपल्याकडं काय होईल ते तुला सांगायला नको, घरावर दगड पडतील.

बेनफिकात आल्या आल्या त्यानं वीसेक जणांना नारळ दिला आणि तरुण पोरं वर आणली. स्वतः इतक्या वेळा रस्त्यावर आलेला माणूस वीस घरांची चूल एका सहीनं विझवतो, हे मला पचत नाही. पण त्यानंतरची दोन वर्षं बघितली की वाद घालायला तोंड राहत नाही. तेव्हाच लिस्बनच्या एका केस कापायच्या दुकानात त्याला जुन्या ओळखीचा बाऊअर भेटला. बाऊअर ब्राझीलमधल्या एका क्लबचा संघ घेऊन आफ्रिकेत गेला होता, म्हणाला, मोझांबिकमध्ये एक पोरगा बघितलाय, काय सांगू. तो पोरगा म्हणजे युसेबिओ. न्हाव्याचं दुकान या माणसाच्या आयुष्यात दोनदा आलं: एकदा त्याचा जीव वाचवायला आणि एकदा युसेबिओ हातात द्यायला.

1961 ची फायनल बर्नला झाली, बार्सिलोनाशी. बार्सिलोनाकडं कोचिश आणि झिबोर हे दोन हंगेरियन. याच मैदानावर 1954 ला हंगेरी पश्चिम जर्मनीकडून विश्वचषकाची फायनल 3-2 नं हरली होती, तेव्हाही हे दोघे होते. आता दोघांनीही गोल केले आणि परत 3-2 नंच हरले. या वेळी पलीकडच्या बाकावर त्यांचाच देशबांधव बसलेला.

पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅम, समोर रेआल माद्रिद. आणि माद्रिदकडं पुश्काश. त्यानं मध्यंतरापर्यंतच तीन गोल ठोकले, 3-2. चौदा वर्षांपूर्वी ज्या पोरानं मैदानात गुटमनचा शब्द मोडला, तोच पुन्हा समोर. मध्यंतरात गुटमन खोलीत काय बोलला असेल, याचा मी रात्री कितीदा विचार केलाय. बेनफिकानं उरलेल्या वेळात तीन गोल केले, त्यातले शेवटचे दोन युसेबिओचे. 5-3. सामना संपल्यावर पुश्काशनं आपला शर्ट युसेबिओला दिला.

आणि मग पैशावरनं बिनसलं. पण एक सांगतो, तो तसाही फार टिकला नसता. तिसरं वर्ष जीवघेणं असतं, हे त्याचं ठरलेलं मत होतं. खेळाडूंना तुमचे डाव पाठ होतात, तुम्हाला त्यांचा कंटाळा येतो. इथं माझं त्याच्याशी जमत नाही. कुठंच तीन वर्षं राहायचं नाही म्हणजे आपण लावलेल्या झाडाचा आंबा कधी खायचाच नाही. बेनफिकानंतर उरुग्वे, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, ग्रीस, परत पोर्तो. नावं मोठी, पण बर्न आणि ॲमस्टरडॅमसारखी रात्र परत आली नाही. तरी त्याला दोष तरी कसा देऊ? मुक्काम करणारी माणसं कुठं नेली गेली ते त्यानं बघितलं होतं.

तो 1981 ला व्हिएन्नात वारला. 2014 ला बेनफिकानं स्टेडियमवर त्याचा पुतळा बसवला, दोन्ही हातांत एकेक कप घेतलेला.

तर बंड्या, तू त्या माळ्यावर बसलेला नाहीस. तुझं काही बुडालेलं नाही. फुटबॉल सोडतो म्हणालास म्हणे, ते ताईला सांग, मला नको सांगू. शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झालाय, चार दिवस येऊन जा. गुडघा दुखतो माझा, पण पायऱ्या अजून चढतो.

आणि नव्या ठिकाणी सही करायच्या आधी कराराचा कागद मला पाठव. चाळीस वर्षं गुळाच्या सौद्यांच्या पावत्या वाचल्यात, बारीक अक्षर मला दिसतं.

तुझा,
मामा

ता. क. ताईला फोन कर. ती दुपारपासून जेवलेली नाही.