खर्जाचा सोबती

वस्तू जुनी झाली म्हणजे ती टाकावी, की तिच्याबरोबर आपणही जुने होत जावे, हा प्रश्न संसारी माणसास वर्षातून दहा वेळा तरी पडतो. छत्री, चष्म्याची चौकट, वेताची खुर्ची, कोपरावर विरलेला कोट, या बाबतींतले निर्णय आमच्या घरात बहुधा आमच्या अपरोक्षच होतात. आणि आम्हीही दोन दिवस कुरकुर करून तिसऱ्या दिवशी नव्या खुर्चीत निमूटपणे बसतो. परंतु गेल्या पावसाळ्यात एका वस्तूचा निर्णय आमच्या वतीने करावयास घरातील कोणीही पुढे येईना. ती वस्तू म्हणजे आमची बेस गिटार.

आमच्या वयाच्या गृहस्थाच्या घरात तंबोरा असता अथवा पेटी असती, तर ते वाचकांस अधिक शोभून दिसले असते, हे आम्ही जाणतो. पण ज्याचे त्याचे प्राक्तन! नेहमीच्या गिटारीची ही थोरली, जड आवाजाची बहीण. हिला सहाऐवजी चारच तारा असतात, आणि त्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदास अवघी 41. म्हणजे जेथे माणसाच्या कानास नाद कळेनासा होतो, त्या उंबरठ्यापासून जेमतेम एक सप्तक वर. मैफलीत तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेकडे कोणी मुद्दाम लक्ष देत नाही. पण ती उतरली तर गवयाच्या चेहऱ्यावर ते तत्काळ उमटते. वाद्यवृंदात बेसचेही तसेच आहे. तो वाजत असता कोणाच्या ध्यानात येत नाही. थांबला, की गाणे एकाएकी अधांतरी लोंबकळू लागते. एक हात तालाच्या खांद्यावर आणि दुसरा सुरांच्या खांद्यावर ठेवून तो दोघांस जोडीने चालवितो. जन्मभर मागच्या रांगेत बसत आलेल्या आम्हांस हे वाद्य मानवले, यात नवल ते काय?

या वाद्याची परंपरा फार पुरातन आहे असेही नव्हे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्क याने 1930 नंतरच्या दशकात अशा प्रकारचा एक प्रयत्न केला होता. पण तो फारसा रुजला नाही. पुढे 1951 साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने आपली विद्युत् बेस गिटार बाजारात आणली आणि ती मात्र जगभर पसरली. तोपर्यंत खर्जाचे काम पुरुषभर उंचीचा डबल बेस करीत असे. त्याला प्रवासात नेणे म्हणजे एक पाहुणा नेण्यासारखे. शिवाय त्यावर पडदे नसल्यामुळे स्वर कानाने हुडकावा लागे. फेंडरने दांडीवर पडदे बसविले. स्वर बिनचूक लागू लागला, म्हणून त्याने वाद्याचे नावच 'प्रिसिजन', म्हणजे अचूकपणा, असे ठेविले. तारेची वाजती लांबी त्याने 34 इंच धरली आणि पुढे तीच बहुतेकांनी उचलली. हा 34 चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. आमच्या दुःखाचे एक मूळ त्यातच आहे.

आमची गिटार जपानी बनावटीची, त्याच अमेरिकी नमुन्यावर बेतलेली. 1984 साली ती आमच्या हाती आली. तेव्हा आम्ही पुण्यात नुकतेच नोकरीस लागलो होतो, आणि गणेशोत्सवात मांडवामांडवांतून वाजविणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात उसन्या वाद्यावर खर्ज धरीत होतो. दादा, म्हणजे आमचे थोरले बंधू, मुंबईस बँकेत होते. एके दिवशी त्यांचे पत्र आले की, धोबीतलावास एक वयस्कर गोवेकर वादक आपले वाद्य विकून गावी परतण्याच्या विचारात आहे. रजा काढून ये. जहाजावरच्या बँडात असताना त्या गृहस्थाने ती गिटार घेतली होती. पुढे अनेक वर्षे त्याने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजविले. पण सिंथेसायझर आला, एक यंत्र चार माणसांचे काम करू लागले, आणि त्याचे बोलावणे कमी होत गेले. त्याने 3,000 रुपये मागितले. आमच्यापाशी त्याच्या निम्मेही नव्हते. दादांनी स्कूटरसाठी साठविलेल्या पैशांतून उरलेली रक्कम काढून दिली, आणि जिना उतरताना एवढेच म्हणाले, "मी आणखी दोन वर्षे बसने जाईन. तू मात्र ही धूळ खात ठेवू नकोस."

दादा त्यानंतर दोन नव्हे, चांगली सहा वर्षे बसने गेले. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. आता त्यांना जाऊन तीन वर्षे झाली.

आता दुखण्याकडे वळू. दुखणी दोन, एक आमचे आणि एक गिटारीचे. आमच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताने ठाण मांडले आहे. चौतीस इंची वाद्यावर पहिल्या चार पडद्यांचा पल्ला सुमारे 7 इंच भरतो. तरुणपणी तो पल्ला बोटांस सहज साधत असे; आता दहा मिनिटे वाजविले की रात्री पेला उचलताना कळ येते. त्यातच वाद्याचे वजन साडेचार किलो. त्याचा पट्टा खांद्यात रुततो तो निराळाच. डॉक्टर वाद्यांविषयी अनभिज्ञ, पण माणूस समंजस. ते म्हणाले, "वाजवणे सोडा असे मी म्हणत नाही. पण हात इतका ताणू नका."

गिटारीचे दुखणे दांडीचे. या वाद्याच्या दांडीच्या पोटात एक पोलादी सळई असते. तारांचा ताण दांडीस पुढे ओढतो आणि सळई तिला मागे धरून ठेविते. आपल्याकडील पावसाळ्यात लाकूड दमट हवा पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. अशा वेळी सळईच्या टोकाची चाकी किंचित पिळली की दांडी पुन्हा सरळ होते. चाळीस वर्षे आम्ही हा विधी पार पाडीत आलो. गेल्या आषाढात चाकी पुढे सरकेना. कारागिराने डोळा बारीक करून दांडी न्याहाळली आणि म्हटले, "साहेब, हिचं पिळणं संपलं. आता दांडीच नवी घालावी लागेल."

दांडी नवी! पण मग गिटार ती राहील काय? खुंट्या आम्ही पूर्वीच बदलल्या होत्या. आतील तारकाम दोनदा झाले होते. घोडी गंजली म्हणून तीही नवी बसविली होती. आता दांडी गेली म्हणजे धोबीतलावाहून आलेले असे एक लाकडी धड तेवढे शिल्लक राहणार. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजास रथाविषयी हेच विचारतो: चाके म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि अखेर कबूल करतो की, या सर्वांच्या मेळास आपण व्यवहारापुरते रथ हे नाव देतो. विद्यार्थिदशेत हा भाग वाचताना आम्हांस तो मोठा सोपा वाटला होता. रथ आपला नसला म्हणजे तत्त्वज्ञान सोपेच असते.

अशा मनःस्थितीत आम्ही शहरातील एका दुकानात 30 इंची बेस गिटार हाती घेतली. लांबी चारच इंचांनी कमी. पण चार पडद्यांचा पल्ला सातावरून सहा इंचांच्या किंचित वर येतो, आणि त्याच जाडीची तार त्याच स्वरात लावली तर ताण शेकडा 22 नी उतरतो. वजन तीन किलोंच्या आसपास. आम्ही वीस मिनिटे वाजविले आणि अंगठा एकदाही कळवळला नाही. खरे सांगावयाचे तर त्या वीस मिनिटांत आम्ही इतके सुखावलो की आम्हांस आमचीच लाज वाटली. आवाज मात्र निराळा होता. अधिक गोल, अधिक मऊ, थोडासा सैल. जुन्या तारेचा तो ताठ, खणखणीत ठोका त्यात नव्हता. दुकानदार मोठ्या अदबीने म्हणाला, "काका, जुनी आणून द्या, किमतीत वळती करून घेऊ." आम्ही विचार करून सांगतो म्हणून बाहेर पडलो.

घरी विचार मांडला. आमच्या सौभाग्यवती एरवी कोणत्याही विषयावर मत देण्यास कचरत नाहीत. या वेळी त्या म्हणाल्या, "हात दुखतो म्हणून रात्री कण्हता तुम्ही, ते मला ऐकू येतं. पण ती मोठ्या भावजींची आठवण आहे. मी यात पडणार नाही." आम्ही मग थोरामोठ्यांची उदाहरणे आठवून पाहिली. डेट्रॉईटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांमागे ज्याचा बेस आहे, तो जेम्स जेमर्सन आपल्या 1962 च्या गिटारीच्या तारासुद्धा तुटल्यावाचून बदलीत नसे. ती गिटार 1983 साली, त्याच्या मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, चोरीस गेली. उलट पॉल मॅकार्टनीने 1961 साली हॅम्बर्गला घेतलेली आखूड बेस गिटार हाताशी असताना 1963 मध्ये त्याच जातीची दुसरी घेतली, आणि पुढे मुख्यतः तीच वाजविली. पहिली 1972 साली चोरीस गेली आणि तब्बल एक्कावन्न वर्षांनी त्याच्याकडे परत आली. परत आली तेव्हा त्यास झालेला आनंद काही खोटा नव्हता. येणेप्रमाणे एक थोर पुरुष इकडे आणि दुसरा तिकडे. उदाहरणांनी आमच्या पदरी फारसे काही पडले नाही.

निर्णय झाला तो निराळ्याच रीतीने. दुकानातून आल्यावर चौथ्या दिवशी आम्ही गिटारीची पेटी उघडली. जुनी वस्तू निरोपाच्या नजरेने एकदा पाहावी, एवढाच हेतू होता. तारांखाली, पडद्यांच्या कडेने, धुळीचा एक बारीक थर जमला होता. आम्ही फडक्याने तो पुसू लागलो आणि पुसता पुसता हात थांबला. आषाढापासून कार्तिकापर्यंत आम्ही ती पेटी उघडलीच नव्हती. हात दुखतो म्हणून वाजवीत नव्हतो, आणि दादांची आठवण म्हणून देत नव्हतो. दादांनी आमच्याकडून एकच गोष्ट मागितली होती, आणि आम्ही त्यांच्याच नावाने नेमकी तीच मोडीत होतो. ज्यास आम्ही इतके दिवस निष्ठा समजत होतो, ती बव्हंशी आमची स्वतःविषयीची हळहळ होती. ज्या दिवशी आमच्या हातून ती वाजेनाशी झाली, त्या दिवसापासून ती कोणाच्याच हाती जाऊ नये, असे आम्हांस आतून वाटत होते. हे स्वतःपाशी कबूल करणे अंगठ्याच्या कळेपेक्षा जड गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीस इंची गिटार रोख पैसे मोजून घेतली आणि जुनी वळती केली नाही. कारागिराकडून जुनीस नवी दांडी बसवून घेतली. दादांची नात पुण्यातच महाविद्यालयात शिकते आणि तेथील मुलामुलींच्या बँडात उसन्या वाद्यावर बेस वाजविते. तिला बोलावून आम्ही पेटी तिच्यापुढे ठेवली. या प्रसंगी दोन शब्द बोलावे असा आमचा मानस होता. स्कूटरची हकीकतही सांगावयाची होती. पण तिने पेटी उघडली, गिटार मांडीवर घेतली, चारही तारा एकेकदा छेडल्या आणि तोंड वाकडे केले.

"काकाआजोबा, या तारा कधीच्या आहेत?"

"अकरा वर्षांच्या," आम्ही म्हणालो, आणि लगेच जेमर्सनचा दाखला दिला.

"मग आधी याच काढू," ती म्हणाली. जेमर्सनविषयीचा तिचा आदर आमच्याहून कमी नव्हता. परंतु ती आमच्यासारखी त्याच्या आड लपत नव्हती.

तिने तारा आणल्या, तासाभरात चढविल्या, आणि वाजवावयास लागली. नवी दांडी, नव्या तारा, नवी बोटे. जो आवाज निघाला तो आम्ही चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. आम्हांस तो प्रथम परका वाटला. मग एका ठिकाणी तिने जाड तार मोकळी सोडली, आणि खिडकीची तावदाने थरथरली. धोबीतलावाच्या त्या खोलीत गोवेकर गृहस्थाने वाद्य दाखविण्यासाठी तीच तार प्रथम छेडली होती, आणि दादांनी दचकून आमच्याकडे पाहिले होते. स्कूटरची हकीकत आम्ही तिला त्यानंतर सांगितली. ती ऐकून ती काही बोलली नाही. फक्त पुढचा अर्धा तास वाजवीत राहिली.

आम्ही हल्ली रोज संध्याकाळी आमच्या तीस इंची सोबत्यावर थोडा वेळ बसतो. त्याच्या सैल आवाजाशी आमचे अजून पुरते जमलेले नाही. पण अंगठा तक्रार करीत नाही, आणि शेजाऱ्यांसही तो अधिक मानवतो असे कळते. जुनी, वाकलेली दांडी कारागिराने परत दिली आहे. तिच्या पाठीवर, जेथे चाळीस वर्षे आमचा अंगठा टेकत आला, तेथील रोगण झिजून आतले लाकूड गुळगुळीत उघडे पडले आहे. ती आम्ही कपाटावर ठेवली आहे. तिच्यावर धूळ बसते. तेवढी बसू द्यावी, असे आम्ही ठरविले आहे.