पाच नंबर, हॅवलॉक

इथला सूर्य घड्याळाला जुमानत नाही. अंदमानातलं हे बेट ९३ रेखांशाच्या आसपास आणि भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर सूर्य ४२ मिनिटं पुढे. डिसेंबरात संध्याकाळी पाचला दिवेलागण होते आणि नवे पाहुणे "एवढ्यात?" म्हणत मोबाइल बघतात. सकाळी साडेसहाला आमची पहिली बोट सुटते, तेव्हा ऊन अंगाला लागायला लागलेलं असतं. ठाण्यात वाढलेल्या मुलीला रात्री साडेआठला झोप यायला लागली, की ती इथली झाली.

*

२०१८ च्या डिसेंबरपासून कागदोपत्री हे स्वराज द्वीप. बोलताना सगळे हॅवलॉकच म्हणतात, आणि बेटावर फिरताना तर आकडेच चालतात. जेटी एक नंबर, बाजार तीन नंबर, आमचं डायव्हिंगचं दुकान पाच नंबर, आणि सूर्यास्ताला सगळे धावतात ते राधानगर सात नंबर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे जमिनी दिल्या. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर या त्यांच्या वस्त्या. माझी घरमालकीण, काकिमा, त्यांतलीच. परसात सुपारी, नारळ आणि एक कायम रागावलेला बोका. "समुद्रात जाऊन मासा बघतेस आणि हात हलवत परत येतेस, हा कसला धंदा?" हा तिचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

*

डायव्हिंग म्हणजे मुख्यतः हमाली. अॅल्युमिनियमचा भरलेला टँक १६-१७ किलोचा. सकाळी दुकानातून गाडीत, गाडीतून डुंगीत, म्हणजे छोट्या होडीत, डुंगीतून बोटीत. दुपारी तेच उलट. ओहोटी असली की डुंगी काठापर्यंत येत नाही. मग टँक खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून, पायाखाली काय आहे ते चाचपत चालायचं.

त्या वजनात हवेचंही वजन असतं. २०० बारपर्यंत दाबून भरलेली हवा अडीच किलोहून जास्त भरते. डाइव्ह संपत आली की तीच हवा गेलेली असते आणि टँक तरंगू पाहतो. कमरेला शिसं बांधायचं त्याचं हे एक कारण. पाहुण्यांना वाटतं, शिसं बुडण्यासाठी असतं. खरं तर ते शेवटची पाच मिनिटं खाली टिकून राहण्यासाठी असतं.

संध्याकाळी सगळं सामान गोड्या पाण्यात. रेग्युलेटरच्या तोंडावरचं टोपण आधी घट्ट लावायचं, मगच बुडवायचं. आत पाणी गेलं तर दुरुस्तीचा खर्च दुकानाचा आणि बोलणी आपली. वेटसूट डेटॉलच्या पाण्यात. का, ते विचारू नये. मार्चनंतर विहिरीचं पाणी खाली जातं, तेव्हा सामान आधी आणि आमच्या अंघोळी नंतर.

*

"ऑक्सिजन संपला तर?" रोज कोणीतरी विचारतंच.

टँकमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवा असते, तुम्ही आत्ता घेताय तीच, गाळून आणि दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं, तर तोच विषारी ठरू लागतो आणि माणसाला आकडी येऊ शकते. हे मी पाहुण्यांना सांगत नाही. "साधी हवा आहे" एवढंच सांगते. त्यांचा चेहरा पडतो; पैसे ऑक्सिजनचे दिले होते.

*

मेडिकल फॉर्मवर सगळे रकाने "नाही". नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारलं तर दमा नसतो. चप्पल काढायच्या निमित्ताने बाजूला घेऊन विचारलं तर पंप पर्समध्ये असतो. म्हणून फॉर्म भरून झाल्यावर मी माणसांना एकेकटं गाठते.

*

कालचा ग्रुप आपल्याकडचा. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी आणि तिथला लाइट अँड साउंड शो आटोपून हॅवलॉकला आलेला. त्यातल्या एक काकू रत्नागिरीच्या, साठीला टेकलेल्या. मुलगा आणि सून डाइव्ह करणार होते, काकू फक्त पिशव्या सांभाळायला आल्या होत्या. मग कोणीतरी म्हणालं की पोहता येत नसलं तरी चालतं.

"खरंच चालतं?"

"चालतं काकू. पोहायचं नाहीच आहे. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा, बाकीचं मी करते."

"मंगळसूत्र नाही हं काढणार."

"नका काढू. सूटच्या आत घाला, चेन वर ओढते."

कमरेएवढ्या पाण्यात सराव झाला. तोंडाने श्वास, नाक मास्कच्या आत बंद. मास्कमध्ये पाणी आलं तर वरची कड दाबून नाकाने फुंकायचं. कान दुखायच्या आधी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर दोन हातांवर एकदा. तरुण पोरं इथे घाई करतात आणि तीन मीटरवर कान धरून बसतात. काकूंनी एकदा ऐकलं आणि तंतोतंत केलं. स्वयंपाकघरात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला धीर शिकवावा लागत नाही, हे माझं मत आहे आणि ते मला इथे वारंवार पटतं.

पहिल्या डाइव्हला मी पाहुण्याच्या मागे, किंचित वर असते. एक हात त्यांच्या टँकच्या व्हॉल्व्हवर, दुसरा त्यांच्या जॅकेटच्या इन्फ्लेटरवर. तोंड मला दिसत नाही, फक्त बुडबुडे दिसतात. बुडबुड्यांवरून माणूस कळतो. घाबरलेल्याचे बारीक, एकामागोमाग एक, धडपडत येतात. सावरलेल्याचा मोठा झोत येतो आणि मग जरा विश्रांती. सगळ्यात वाईट म्हणजे बुडबुडे न येणं. श्वास रोखून माणूस वर निघाला तर फुप्फुसातली हवा फुगते. दहा मीटरवर जेवढी होती ती पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. काकूंचे बुडबुडे पहिली दोन मिनिटं बारीक होते, मग एकदम मोकळे झाले. आठ मीटरवर समुद्रफुलात बसलेली क्लाउनफिशची जोडी दाखवली. त्यांनी बोटं मागे घेतली आणि नुसतं बघत राहिल्या. त्या जोडीत आकाराने मोठी ती मादी. ती मेली तर नर स्वतः मादी होतो आणि खालचा नंबर बढती घेतो. हे वर आल्यावर सांगायचं होतं.

राहून गेलं. वर आल्यावर काकूंनी रेग्युलेटर तोंडातून काढला आणि पहिलं वाक्य बोलल्या, "ती तांबोशी होती ना? केवढी ताजी!"

*

अंगठा वर म्हणजे "छान चाललंय" नव्हे, "वर जायचंय". बोटीवर हे तीनदा सांगितलं जातं. खाली कॅमेरा समोर आला की अंगठा वर जातोच. मग मी डोळ्यांत बघून ठरवते, हा वर निघालाय की फोटो काढून घेतोय.

"फोटो-व्हिडिओ फ्री" ही इथल्या प्रत्येक पाटीवरची ओळ. त्यामुळे कित्येक पाहुण्यांना समुद्रातल्या अर्ध्या तासात मुख्यतः कॅमेऱ्याची काच दिसते. माझ्या हातात असतं तर पहिल्या डाइव्हला कॅमेराच नेला नसता. पण गिऱ्हाईक व्हिडिओसाठी येतं, आणि माझा पगार गिऱ्हाइकावर.

*

लांबच्या जागांची नावं जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल. ही नावं कारेन पाणबुड्यांची असं इथे सांगतात. इंग्रजांनी १९२५ साली ब्रह्मदेशातून कारेन लोकांना जंगलकामासाठी आणलं. मध्य अंदमानातलं वेबी हे त्यांचं गाव. आज डायव्हिंगच्या बोटींवर कारेन माणसं बरीच दिसतात.

आमचा कप्तान त्यांतलाच. जीपीएस समोर आहे, पण तो आधी पाण्याकडे बघतो. पृष्ठभागावर एका बाजूला सुरकुती पडली की इंजिन मंद करतो आणि म्हणतो, "आधा घंटा रुको." आम्ही थांबतो. एखादा पाहुणा घड्याळ दाखवतो, तर कप्तान त्याला केळं देतो. अर्ध्या तासाने करंट खरंच ढिला पडतो आणि दोर धरून खाली उतरता येतं. मग चोवीस-पंचवीस मीटरवर खडकाभोवती स्नॅपरचे थवे असे दाटलेले, की पुढचा माणूस दिसेनासा होतो.

*

मालवणकडची दोघं-तिघं पोरं या किनाऱ्यावर काम करतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंगची संस्था आहे, तिथे शिकलेली. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात बऱ्याचदा चार-पाच मीटरच्या पलीकडे दिसत नाही; इथे चांगल्या दिवशी वीस. पण गढूळ पाण्यात शिकलेला मुलगा आपल्या माणसाला नजरेआड होऊ देत नाही. त्याची सवय हाताच्या अंतरावर राहण्याची. स्वच्छ पाण्यात शिकलेले आमच्यासारखे जरा सैल असतात. नव्या इन्स्ट्रक्टरांना महिनाभर मालवणला पाठवावं, असं मी दुकानात सुचवलं. सगळे हसले. मी हसण्यावारी बोलले नव्हते.

*

एप्रिल. डाइव्ह कॉम्प्युटरवर पाण्याचं तापमान ३१. तीन मीटरच्या सपाटीवर काही प्रवाळ फिकट पडलेत, काही पांढरेफटक.

प्रवाळाचा रंग बराचसा त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. त्याचं अन्नही मुख्यतः तेच शैवाल पुरवतं. पाणी फार दिवस तापलं की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतो आणि खालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. अजून मेलेला नसतो, उपाशी असतो. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवाल परत येतं. २०१० साली आणि पुन्हा २०१६ साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. फांद्यांचे प्रवाळ आधी गेले. गोल धोंड्यांसारखे बरेच टिकले. म्हणून उथळ पाण्यात आज कितीतरी ठिकाणी तुटक्या फांद्यांचा सडा आणि मध्ये एखादा म्हातारा धोंडा.

आजच्या पाहुणीने वर आल्यावर सांगितलं, सगळ्यात सुंदर ते पांढरंशुभ्र झुडूप होतं. मी काय झालंय ते सांगितलं. बोटीवर कोणी काही बोललं नाही, मग कोणीतरी चिप्सचं पाकीट फोडलं. सांगायचं की नाही यावर दुकानात दोन पक्ष आहेत. मी सांगणाऱ्यांत.

*

राजन हत्ती कुठे भेटेल, असं अजून विचारतात. लाकूड ओढायला अंदमानात आणलेला, समुद्रात पोहायला शिकवलेला. जंगलतोड थांबली आणि तो राधानगरला कॅमेऱ्यांसाठी पोहू लागला. २०१६ साली गेला. इंटरनेटवर तो अजून पोहतोच आहे.

*

२०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्रातून केबल आली. त्याआधी एक फोटो पाठवायला चहा पिऊन यावं लागे, असं जुने लोक सांगतात. आता आई रोज रात्री व्हिडिओ कॉल करते. कान कसा आहे? (सुजलाय. दिवसातून दहादा वरखाली करणाऱ्यांचा सुजतोच. डाइव्हनंतर व्हिनेगर-स्पिरिटचे थेंब.) जेवलीस का? पी.एफ. कापतात का? जून ते सप्टेंबर काय करणार?

शेवटचा प्रश्न खरा. पावसात समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात आणि पगार निम्म्यावर येतो. तारकर्लीलाही तेव्हा बंदच. कोणी थायलंडला जातं, कोणी घरी जाऊन लग्नाची स्थळं ऐकतं.

*

डाइव्ह झाल्यावर लगेच विमान नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास. आज एक साहेब दुपारी दोनची डाइव्ह मागत होते, उद्या सकाळी आठचं विमान. आधी सकाळची डाइव्ह झालेली. मी नाही म्हटलं. त्यांनी शेजारच्या दुकानात विचारलं, तिथेही नाही म्हणाले. शेजारच्या दुकानाबद्दल मी सहसा चांगलं लिहीत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

*

उद्याचा फळा: सकाळी नेमो रीफवर पहिल्यांदाच उतरणारे सहा जण, त्यात एक ११० किलोचे. ट्रिपल एक्सएल सूट एकच आहे आणि त्याची शिवण काखेत उसवली आहे. निओप्रीनचा गोंद पोर्ट ब्लेअरहून आलेला नाही. काकिमाकडून दाभण आणि जाड दोरा मागून आणायचा.