तीन इंचांचं घर, चार इंचांचं घर

मलकापुरात गोधडी शिवून घ्यायला येणाऱ्या बायका सहसा नवा नमुना मागत नाहीत. आजीच्या नाहीतर सासूच्या हातची जुनी गोधडी पिशवीतून आणतात आणि म्हणतात, "ताई, हीच चांदणी पाहिजे, पण डबलबेडला पुरेल अशी." जुनी गोधडी खाटेच्या मापाची असते, ५४ बाय ७२ इंच. घरातली नवी गादी ७२ बाय ७८ची. अंगावर घेताना दोन्ही बाजूंना लोंबायला हवं, पायाशी खोचायला हवं, म्हणजे गोधडी ९० बाय १०२च्या आसपास गेली.

काही जणी जुन्या चांदणीचा कागद झेरॉक्सवर मोठा करूनच आणतात. तो कागद मी बाजूला ठेवते. झेरॉक्स सगळंच मोठं करतं, आणि गोधडीत सगळंच मोठं करायचं नसतं. या कामाचं मर्म मला तरी एवढंच सापडलं आहे.

चांदणीची चौकट नऊ इंचांची. तिच्यात तीन आडवी, तीन उभी अशी नऊ घरं, प्रत्येक घर तीन इंचांचं. चार कोपरे आणि मधलं अशी पाच घरं साधी. उरलेल्या चार घरांत चार-चार त्रिकोण. अमेरिकेत या नमुन्याला ओहायो स्टार म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत ठिगळाची कड दुमडून ते खालच्या कापडावर बसवतात, त्यात माप थोडं इकडेतिकडे झालं तरी खपतं. चांदणीत तुकडा तुकड्याला जोडायचा असतो. तिथे माप चुकलं की लपत नाही.

आता ही नऊ इंचांची चौकट बारा इंचांची करायची. बाराच का? तर नऊ घरांच्या नमुन्याला तिनाने भाग जाणारा आकडा लागतो. दहा इंच धरले तर घर येतं तीन इंच आणि वर एक तृतीयांश, आणि टेपवर ती रेघच नाही. बाराला घर सरळ चार इंचांचं. सहा चांदण्या आडव्या, सात उभ्या, चारी बाजूंनी नऊ इंचांचा काठ. गोधडी ९० बाय १०२ची भरते.

घर तिनाचं चार झालं, माया, म्हणजे शिवणीत जाणारी कड, मात्र होती तेवढीच. आम्ही सुतात मोजतो, इंचाची आठ सुतं. शिवणीत प्रत्येक कडेला दोन सुतं जातात. म्हणून तीन इंचांच्या साध्या घराला तीन इंच चार सुतांचा चौकोन कापायचा, चार इंचांच्या घराला चार इंच चार सुतांचा. त्रिकोणांचा हिशेब वेगळा. एक चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण काढतात, आणि तिरक्या शिवणीची माया टोकाशी लांब पसरते. तिथे घराच्या मापात दहा सुतं मिळवावी लागतात. नेमकी साडेनऊहून थोडी जास्त होतात. मी दहा धरते आणि शिवल्यावर कड छाटते. तीन इंचांच्या घराला चार इंच दोन सुतं, चार इंचांच्या घराला पाच इंच दोन सुतं.

झेरॉक्सचा कागद घेऊन कापलं तर काय होतं? मायेसकट सगळं त्याच पटीत वाढतं, पण शिवणारा हात सवयीने दोनच सुतं दाबतो. साधं घर चाराऐवजी चार इंच सव्वा सुताच्या वर भरतं. एका चांदणीत अर्धा इंच वाढतो, सहा चांदण्यांत तीन इंच. तेवढं एक वेळ निभतं. पण त्रिकोणांचं घर साध्या घराहूनही दोन सुतं मोठं निघतं. दोन्ही शेजारी ठेवली की एक कड पुरते, दुसरी उरते. ओढून बसवावं तर चांदणीची टोकं शिवणीखाली जातात. टोक बोथट झालेली चांदणी मला बघवत नाही.

माझ्या सासूबाईंना हा हिशेब कुणी कागदावर शिकवला नव्हता. त्या म्हणायच्या, "घर मोठं कर माय, माया वाढवू नको." त्यांचं बरोबर होतं. माया ठरते ती दोऱ्याच्या पकडीवरून आणि कापड किती उसवतं त्यावरून. चांदणी केवढी आहे याच्याशी तिचा संबंध नाही.

धावदोऱ्याचंही तसंच. कडेपासून फेर धरून आत आत जायचं, दोन ओळींत बोटभर, म्हणजे अर्ध्या इंचाचं अंतर. चांदणी मोठी झाली म्हणून ओळी दूर दूर घेतल्या तर आतले थर सरकतात, चारदोन धुण्यांत गोळा होतात. बोटभर अंतर ठेवलं तर खाटेच्या गोधडीत ओळींची लांबी सुमारे दोनशे मीटर होते. ९० बाय १०२च्या गोधडीत साडेचारशेच्या पुढे जाते. मजुरी दुपटीहून जास्त का, असं विचारणाऱ्यांना मी हा आकडा सांगते.

आणि वजन. क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होतं. थर तेवढेच ठेवले तर ओली गोधडी एका बाईला पिळता येणार नाही. म्हणून पाच थरांच्या जागी मी तीन घालते. ऊब थोडी कमी होते, मान्य आहे. पण जी धुता येत नाही ती गोधडी दोन वर्षांत माळ्यावर जाते.

मलकापूर हे कापसाचं गाव. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला, इकडे वऱ्हाडात रेल्वे आली आणि इथल्या पिकाला विलायतेचं गिऱ्हाईक मिळालं. एवढा कापूस डोळ्यासमोर असूनही गोधडीत रुई नसते. रुई गादीची आणि रजईची. गोधडी वापरलेल्या कापडाचीच, आणि मोठं माप खरं अडतं ते तिथेच.

जुनं लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. बसण्याच्या जागी, गुडघ्यापाशी ते जाळीदार होतं. तीन इंचांचं घर का, तर चांगला तुकडा तेवढाच निघायचा. पाच इंच दोन सुतांचा अखंड चौकोन हवा म्हटलं की लुगड्याचा बराच भाग बाद होतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, दुकानातून नवं कापड घ्या. मी घेत नाही. नवं कापड धुण्यात आटतं, शेजारच्या जुन्याला ओढतं, आणि फाटतं ते जुनंच. त्यातून त्रिकोणाच्या आतल्या दोन कडा उरेब असतात. घर मोठं झालं की त्याही लांबतात आणि विरलेलं कापड हातातच ताणतं. जुन्याला खळ द्यावी, इस्त्री करावी, मग कापावं. त्याला पर्याय नाही.

हल्ली अठरा इंचांची चांदणीही मागतात. त्यात घर सहा इंचांचं, त्रिकोणांसाठी चौकोन सात इंच दोन सुतांचा. एवढं धड कापड पदरातच मिळतं. एका चांदणीच्या टोकांना दोन आणि मधल्या घराला एक असे पदराचे तीन चौकोन लागतात. पदर धड असेल तर त्यातून चार चांदण्यांचे निघतात. जमिनीसाठी जुन्या चादरीच्या लोंबत्या कडा घ्यायच्या, त्या विरलेल्या नसतात. म्हणून मी दोन लुगड्यांचे पदर आणायला सांगते: मधे अठरा इंचांच्या आठ, दोन ओळींत चार-चार, वर दोन आणि खाली दोन ओळी बारा इंचांच्या. ७२ बाय ८४ बरोबर भरतात, काठ तोच नऊ इंचांचा, आणि माया दोन सुतं.