साडेसहा हजारांचा मोबाइल

अमरावतीच्या पश्चिमेस, पूर्णेच्या खोऱ्यात भातकुली हे गाव आहे. आदिनाथाच्या जैन मंदिरामुळे यात्रेकरूंना ते ठाऊक असते. शेतकऱ्यांना मात्र ते आठवते तेथील काळ्याभोर जमिनीमुळे आणि खाऱ्या पाण्यामुळे. हा सारा मुलूख खारपाणपट्ट्यात मोडतो. विहीर खणावी तर पाणी खारट लागते. म्हणून कापूस, तूर, सोयाबीन ही पिके येथे आकाशाच्या भरवशावरच वाढतात. अशा गावात पैसा वर्षातून एकदोनदाच घरी येतो आणि तो खर्च करताना माणूस दहादा विचार करतो.

२०२१ च्या जूनमध्ये येथील एका शेतकऱ्याच्या घरी असाच विचार चालला होता. करोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या आणि नवे वर्षही मोबाइलवरच सुरू होणार होते. मुलगी सहावीत गेली होती. शेजारच्या ओसरीवर चारपाच मुलांच्या डोक्यांमधून वाट काढून तिला धडा पाहावा लागे. अखेर तुरीच्या पैशांतून साडेसहा हजार रुपये बाजूला काढण्यात आले, आणि वडील, मुलगी व आबाजी असे तिघे अमरावतीस गेले.

दुकानदार चतुर होता. त्याने मोबाइलची चकाकती पाठ पुढे करून सांगितले, "याला मागे तीन कॅमेरे आहेत." आबाजींनी ते यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि शांतपणे म्हटले, "भाऊ, बैल घ्याच्या वक्ती आमी शिंगाचा रंग नाई पायत. खूर पायतो, चाल पायतो. याची चाल दाखव."

आबाजींना अक्षरओळख बेताचीच होती. पण त्यांची शंका अगदी योग्य होती. स्वस्त मोबाइलच्या पाठीवर जे दोनतीन डोळे दिसतात, त्यांपैकी खरे काम बहुधा एकच करतो. बाकीचे पोळ्याच्या दिवशी रंगविलेल्या शिंगांसारखे असतात.

आणि चाल? ती मंदच होती. एखादे अ‍ॅप उघडण्यास बोट लावावे आणि मनात पाच आकडे मोजावेत, तेव्हा कुठे ते उघडे. याचे कारण समजण्यासारखे आहे. मोबाइलला दोन प्रकारची स्मृती असते. एक घरातल्या कोठीसारखी. तिच्यात चित्रे, गाणी, धडे साठवून ठेवता येतात. दुसरी अंगणातल्या ओट्यासारखी. जे धान्य या क्षणी निवडायचे, तेवढेच तिच्यावर पसरायचे. या मोबाइलची कोठी ३२ जीबीची होती आणि ओटा अवघा २ जीबीचा. ओटा अरुंद असला की एक सूप उचलल्यावाचून दुसरे मांडता येत नाही, आणि त्यातच वेळ जातो. शिवाय नव्या कोठीतही यंत्राने स्वतःचे सामान आधीच भरून ठेवलेले असते. ती कधीच पुरती रिकामी मिळत नाही.

असे असूनही मोबाइल घेतला गेला, आणि तो गुणांवाचून नव्हता. त्याची बॅटरी ५,००० एमएएचची होती. पडदा साधा, चाल संथ. त्यामुळे वीज बेताने लागे आणि एकदा भरलेली बॅटरी दीडदोन दिवस पुरे. रात्री गावात वीज गेली म्हणजे या गुणाचे मोल कळे. आवाज एवढा मोठा होता की चुलीपाशी बसलेल्या आईलाही धडा ऐकू येई. स्वस्त वस्तूला नावे ठेवणे सोपे असते. जो ती विकत घेत नाही, त्याला तर फारच सोपे!

दोषही हळूहळू उघडे पडले. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकला की यंत्र तापे आणि बॅटरी भरून घेण्याचे नाकारी. कामाने राठ झालेल्या वडिलांच्या बोटाला पडदा दाद देत नसे. मुलीच्या बोटाला लगेच देई. एक दोष तर डोळ्यांना दिसतही नव्हता. अशा मोबाइलची सुरक्षा टिकविणाऱ्या सुधारणा कंपनीकडून पुष्कळदा दोनतीन वर्षांतच बंद होतात. मग तो कुंपण मोडलेल्या वावरासारखा होतो. बँकेचा व्यवहार ज्यावर करायचा, त्याच्या बाबतीत ही गोष्ट लहान नव्हे.

पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात या मोबाइलची खरी परीक्षा झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली होती. शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यायचे व सातबाऱ्यावर नोंद करायची, अशी ती योजना. पहिल्या वर्षी शेजाऱ्याच्या मोबाइलवर काम भागले होते. २०२२ साली पावसाने विदर्भात फार नासाडी केली होती. नोंद राहिली तर भरपाई मागताना पंचाईत झाली असती. मुदत संपत आली होती.

मुलगी आईबरोबर वावरात गेली. आबाजी काठी टेकत मागून आले. सावलीसाठी ती कडुनिंबाखाली उभी राहिली. पण मोबाइलला आपली जागाच उमगेना. त्यासाठी सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या निदान चार उपग्रहांचे संकेत त्याला मिळावे लागतात, आणि ओल्या, दाट पाल्यातून ते क्षीण होऊन येतात. त्यातच नेटवर्क अगदी कमी. ती उघड्यावर आली, तर उन्हामुळे पडद्यावर काहीच दिसेना. तेव्हा आईने पदराची सावली धरली. बऱ्याच वेळाने गट क्रमांक जुळला. तिने पऱ्हाटीचे छायाचित्र घेतले, आणि पडद्यावर अक्षरे उमटली : जागा अपुरी आहे.

"आबाजी, कोठी भरली म्हंते हा!"

काय काढावे? कोठीत सहावीचे धडे होते. गुरुजींनी घरून बोलून पाठविलेल्या कविता होत्या. आणि आजीची जात्यावरची ओवी होती, तीन मिनिटांची. आजी आदल्या थंडीत वारली होती. एवढी एक ओवी काढली असती, तरी छायाचित्र सहज मावले असते. मुलगी क्षणभर थांबली. मग तिने एकामागून एक आपले धडे पुसून टाकले. कविता पुसताना मात्र तिने मोबाइल आईपासून थोडा वळवून धरला.

दुसऱ्यांदा घेतलेले छायाचित्र राहिले. गावाजवळ नेटवर्क येताच नोंद पोहोचल्याचा निरोप आला. वडिलांनी तो दोनदा वाचून पाहिला आणि पुढच्या तुरीला मोठ्या कोठीचा मोबाइल पाहू, असे ते बोलून गेले. आबाजींचे तिकडे लक्ष नव्हते.

"पोरी, तुह्या आजीचं गाणं लाव जरा."

उंच सुरावर मोबाइलचा आवाज किंचित चिरकत होता. आबाजींनी तो आणखी कानाजवळ घेतला.