पेगचे बेट

मराठी शिकवणाऱ्या माणसाने आयर्लंडला जाऊन काय पाहावे? कोणी किल्ले सुचवले, कोणी डब्लिनची ग्रंथालये. मी मात्र एक दिवस काढून गेलो तो ग्रेट ब्लॅस्केट नावाच्या ओस बेटावर.

डनक्विनच्या धक्क्यापासून बोटीने वीसएक मिनिटांची वाट. पण मिनिटे अटलांटिकची! पोटातले पाणी हलल्यावाचून राहत नाही. मोठी बोट बेटाला लागत नाही. शेवटी लहान होडीत उतरावे लागते. वर चढून गेले की उतारावर पडक्या दगडी भिंती, गवत आणि मेंढ्या. झाड औषधालासुद्धा नाही.

ऐन भरातही इथे पावणेदोनशेच्या आसपासच वस्ती होती. मासे आणि बटाटे यांवर गुजराण. डॉक्टर नाही, चर्च नाही. तरी एवढ्याशा वाडीने आयरिश भाषेला तीन गाजलेली आत्मचरित्रे दिली. तोमास ओ क्रोहनचे १९२९ साली, मॉरिस ओ सुलिव्हनचे १९३३ साली आणि पेग सेयर्स या बाईचे १९३६ साली. पेगला शाळेत लिहायला शिकवले ते इंग्रजी. स्वतःची आयरिश तिला लिहिता येत नव्हती. ती बोलत गेली आणि मुलगा मिहाल उतरवून घेत गेला. तो स्वतः कवी होता.

वाचकहो, इथे तुम्हांला जी आठवण झाली तीच मलाही झाली. बहिणाबाई! त्यांनाही अक्षरओळख नव्हती आणि त्यांचीही गाणी टिपून घेणारा मुलगा, सोपानदेव, कवीच. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली.

पेगच्या बेटाचे पुढे काय झाले? तरणी माणसे अमेरिकेला गेली. १९४१ साली शाळा बंद पडली. १९४७ च्या आरंभी एक तरुण आजारी पडला. समुद्र खवळलेला, डॉक्टर आणता आला नाही, पोरगा गेला. १९५३ च्या नोव्हेंबरात सरकारने उरलेल्यांना पलीकडच्या किनाऱ्यावर हलवायला सुरुवात केली. पुस्तक तेवढे राहिले. ते शाळांतून नेमले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांना त्याचा कंटाळा आला. परीक्षेला असलेल्या पुस्तकावर कोण प्रेम करणार? बहिणाबाईंवर प्रश्न काढणे हा माझाही धंदाच आहे.

पण खानदेशातली घरे ओस नाहीत. बहिणाबाईंची बोली तिथे ओट्यावर, शेतात अजून बोलली जाते. म्हणून यंदा दिवाळीच्या सुटीत मुलांना मी निबंध दिलेला नाही. आजीजवळ बसा आणि ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरवून आणा, एवढेच सांगितले आहे.