पंचवीस वारांवरचा कागद

चार फूट लांबरुंद तपकिरी कागद चौकटीवर ताणून बसवायचा, मधोमध ठिपका काढायचा, पंचवीस वार मागे यायचं आणि बार काढायचा. धूर विरला की कागदाजवळ जाऊन छर्‍यांची सगळ्यांत दाट जागा हेरायची, तिच्याभोवती तीस इंच व्यासाचं वर्तुळ आखायचं आणि आतली भोकं मोजायची. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीने खारी-सशांची शिकार करणारा जाणता माणूस रानात शिरण्यापूर्वी हे काम उरकतो.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक काही घरांत अजून आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौशी शिकार उरली नाही. त्यामुळे ही विद्या पाहायची तर इंडियाना-केंटकीकडे वळावं लागतं. इंडियानातल्या फ्रेंडशिप या लहानशा गावी ठासणीच्या बंदुकांचे मोठे मेळे भरतात. ते भरवणारी राष्ट्रीय संघटना १९३३ पासूनची आहे.

काडतूस कारखान्यातून भरून येतं. ठासणीच्या बंदुकीत मात्र दारू, चकत्या, छर्रे सगळं नळीच्या तोंडातून, आपल्या हाताने आत जातं, आणि त्यातला प्रत्येक थर कागदावर उमटतो. बारा बोअरच्या नळीला सुरुवातीचा बार साधारण असा: मापाने सत्तर ग्रेन काळी दारू, तिच्यावर पाव इंचाच्या निम्म्या जाडीची पुठ्ठ्याची घट्ट चकती, मग तेलात भिजवलेली अर्ध्या इंचाची नरम चकती, एक औंस छर्रे आणि ते सांडू नयेत म्हणून वर कागदासारखी पातळ चकती. दारू आणि छर्रे एकाच मापाने, सारख्या आकारमानाचे घ्यायचे, हा जुना धडा आहे आणि सुरुवातीला तोच बरा. सहा नंबरचे शिशाचे छर्रे औंसाला सुमारे २२५ बसतात. वर्तुळातली भोकं या आकड्याशी ताडून पाहायची.

छर्रे विरळ पडले की नवखा माणूस दारू वाढवतो. आवाज मोठा होतो, खांद्याला धक्का बसतो, समाधानही वाटतं. कागद मात्र आणखी बिघडतो. मधला भाग मोकळा आणि छर्रे कडेला गोल फेकलेले, अशी पोकळ कडी दिसू लागते. नळीबाहेर पडल्यावर मागची जाड चकती छर्‍यांच्या पुंजक्यात घुसते आणि त्यांना चहूकडे उधळते. यावर उपाय उलटा आहे: दारू दहा ग्रेनने कमी करून पाहावी, जाड नरम चकतीऐवजी हवेत लगेच सुटणार्‍या दोन-तीन पातळ चकत्या घालाव्यात. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलासाठी निदान तीन कागद फोडायचे. एका कागदावर निकाल देणं हा उतावीळपणाच.

नुसत्या टक्केवारीवरही थांबू नये. पुठ्ठ्याची खारीएवढी आकृती कापून ती कागदावर सरकवत न्यावी. चारपेक्षा कमी छर्रे लागतील अशी जागा सापडली, तर त्या जागी आलेली खार जखमी होऊन ढोलीत शिरेल आणि हाती न लागता मरेल. मग पाच वार पुढे यायचं. साध्या, तोंडाशी न आवळलेल्या नळीतून चाळीस वारांवर जेमतेम चाळीस टक्के छर्रे वर्तुळात राहतात. म्हणून अशा बंदुकीची खरी हद्द पंचवीस वारांच्या आसपासच ठरते. हिकरीच्या शेंड्यावरची खार त्यापलीकडे असेल तर बंदूक खाली घ्यावी. कागद फोडण्याचे सगळे कष्ट या एका निर्णयासाठी आहेत.

या कामात घाई जिवावर बेतते. प्रत्येक बारानंतर नळी ओल्या चिंधीने पुसायची, कारण धुमसती ठिणगी आत राहिली तर नवी दारू हातातच पेटेल. याच भीतीने दारू भांड्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही, मापात घेऊनच ओतायची. गजावर खूण करून ठेवली, की बार पूर्ण खाली बसला आहे का आणि चुकून दुहेरी तर भरला नाही ना, हे कळतं. दुनळीत एक नळी झाडली की धक्क्याने दुसरीतला बार पुढे सरकू शकतो. तो गजाने पुन्हा दाबून घ्यावा. धूरविरहित दारू चिमूटभरसुद्धा नको, नळी फुटते.

आता शिशाचा प्रश्न आहे. शिसं पोटात जाऊन कॉन्डोर गिधाडं मरतात म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत त्यावर पूर्ण बंदी आहे, आणि ती योग्य आहे. पोलादी छर्रे जुन्या मऊ नळीला ओरखडतात, म्हणून ठासणीवाले बिस्मथ वापरतात. बिस्मथ शिशापेक्षा हलकं असल्याने छर्रा एक नंबर मोठा घ्यावा लागतो. मोठा छर्रा म्हणजे औंसात कमी छर्रे, आणि मापाचा हिशेबही वेगळा. तेव्हा बिस्मथकडे वळणार्‍याने वहीतले जुने आकडे बाजूला ठेवावेत आणि पंचवीस वारांवर कोरा कागद लावून पुन्हा पहिल्यापासून मोजावं.