शक्ती गावच्या छतावरचा झाडू

"जुले!" लडाखमध्ये माणूस भेटला की पहिला शब्द हाच. आपल्या "जयभीम"सारखा तो भेटतानाही चालतो आणि निरोप घेतानाही. फेब्रुवारीच्या थंडीत लेहच्या विमानतळावर उतरलो तेव्हा हा एकच लडाखी शब्द आम्हाला येत होता. वस्तीतले आम्ही पाच जण. आमच्यापैकी एकाचा मुलगा तिकडे नोकरीला आहे, त्याच्या आधाराने निघालो होतो. हिवाळ्यात घाटरस्त्यांचा भरवसा नसतो, म्हणून दिल्लीहून विमानाने गेलो.

लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. दोन दिवस नुसती विश्रांती घेतली आणि तिसऱ्या दिवशी सिंधू नदीच्या काठाने कारूपर्यंत आलो. तिथून आत वळले की चांगला घाटाच्या पायथ्याशी शक्ती गाव लागते. तिथला गुहेतला ताकथोक गोंपा पाहायचा होता. गोंपा पाहिला, वंदन केले. पण बंधू-भगिनींनो, या गावातून आम्ही जे शिकून आलो ते गोंपात नाही, एका घराच्या छतावर शिकलो.

रात्री बर्फ पडला. लडाखचा मुलूख कोरडा. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम 100 मिलिमीटर पाणी पडते. आपल्या मुंबईत पावसाळ्याच्या एखाद्या दिवसातही तेवढे पडून जाते. पण इथे हिवाळ्यात पडलेला बर्फ लवकर हलत नाही. सकाळी उठलो तर गावची वीज गेलेली. आम्ही बुखारीजवळ हात शेकत बसलो होतो. एवढ्यात घरातली आजी, अबी-ले, अंगावर जाड गोंचा घालून शिडी चढू लागली. तिच्यामागे सून, आमा-ले, आणि कॉलेजात शिकणारी नात. तिघींच्या हातांत झाडू. पाहुण्यांनी बसून कसे राहायचे? आम्हीही वर गेलो.

लडाखी घराचे छत सपाट असते. पॉप्लरच्या तुळया, त्यावर विलोच्या काठ्या आणि वर माती. बर्फ तसाच राहिला तर वितळून माती भिजते आणि घर गळते. म्हणून छत झाडायची रीत जुनीच आहे. आता त्या छतावर चार सौरपॅनेल आहेत, म्हणून सकाळचा पहिला झाडू त्यांच्यावर फिरतो. तिघींनी मऊ झाडूने बर्फ वरून खाली ओढला. बर्फ कोरडा, पिठासारखा भुरभुरीत, सहज निघाला. आमच्यातल्या एकाने खालच्या कडेला चार बोटे बर्फ ठेवून झाडू बाजूला ठेवला. नात हसली आणि म्हणाली, "काका, एवढा ठेवलात तर काहीच केले नाही असे होईल."

मग तिने कारण सांगितले. पॅनेलच्या काचेखाली छोटे छोटे सेल एकामागे एक जोडलेले असतात. जयंतीला आपण वस्तीत दिव्यांची माळ लावतो. साध्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते. इथेही तसेच. उभ्या बसवलेल्या पॅनेलची खालची एक ओळ बर्फाने झाकली, तर वरच्या मोकळ्या भागाचीही बहुतेक वीज अडते.

आणि विजेपेक्षा मोठी भीती बॅटरीची. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे 50 अंशांनाही गोठत नाही. पण बॅटरी रिकामी झाली की त्यात जवळजवळ पाणीच उरते आणि ते उणे दहाच्या आतबाहेर गोठते. इथली रात्र त्याहून थंड. मागच्या एका हिवाळ्यात घरातली सगळी आजारी पडली आणि तीन दिवस पॅनेल झाकलेलेच राहिले. चौथ्या दिवशी बॅटरीचे पेट फुटलेले निघाले. नवीन घेईपर्यंत ही मुलगी मेणबत्तीवर अभ्यास करत होती.

त्यांचे नियम साधे आहेत. बर्फ पडला की सकाळीच झाडायचा. ऊन लागून वितळला आणि पुन्हा गोठला तर काचेला चिकटतो. लोखंडी फावडे काचेला लावायचे नाही. गरम पाणी ओतायचे नाही, काच तडकते. पॅनेलवर पाय द्यायचा नाही. चिकटलेला थर खरवडायचा नाही. एक कोपरा मोकळा केला की उन्हाने काच तापते आणि उरलेला बर्फ आपोआप घसरतो. तो घसरून पडायला खाली जागा मात्र मोकळी हवी. म्हणूनच पॅनेल बरेच तिरके, हिवाळ्यातल्या खालच्या सूर्याकडे तोंड करून बसवलेले असतात.

थंडीने वीज कमी होत असेल असे आम्हाला वाटले होते. खरे उलटेच आहे. पॅनेलला ऊन हवे, उष्णता नको. 25 अंशांच्या वर तापले की प्रत्येक अंशामागे त्याची ताकद अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर घटते आणि थंडीत ती वाढते. बर्फावरून परतलेला उजेडही कामी येतो.

झाडू हातात घेतला तेव्हा आमच्यातल्या वडीलधाऱ्यांचे डोळे भरून आले. पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या कमरेला झाडू बांधला होता, स्वतःच्या पावलांचे ठसे पुसायला. इथे तोच झाडू आजीच्या, कॉलेजातल्या मुलीच्या हातात, आणि समोर गोंपाच्या छतावर भिक्खूंच्याही हातात. ज्याला उजेड हवा त्याने झाडायचे. कुणा एका जातीचे हे काम नाही. पण खरे ते सांगितले पाहिजे. लडाखी बौद्धांतही मोन, बेदा आणि गरा या समाजांना पंगतीत खालची जागा देण्याची रूढी चालत आली आहे. बुद्धाच्या धम्मात तिला जागा नाही. छतावरची समता पंगतीतही उतरावी, असे आम्ही घरच्यांशी बोललो. अबी-ले बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नव्या पोरांना ते पटत नाही. बरेच आहे."

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि देशाच्या वीज धोरणाचा पाया त्यांच्या खात्यात घातला गेला. स्वस्त आणि मुबलक वीज ही गरिबाच्या सुटकेची वाट आहे, हे त्यांनी ओळखले होते. शक्ती गावच्या त्या मुलीच्या पुस्तकावर पडलेला उजेड पाहताना आम्हाला त्याची आठवण झाली.

आता आपल्याकडे या. 2024 साली केंद्राची सूर्यघर योजना सुरू झाली. आपल्या वस्तीतही काही घरांवर पॅनेल दिसू लागले आहेत, उद्या विहारांवरही येतील. आपल्याकडे बर्फ नाही, पण धूळ आहे, कबुतरांची घाण आहे, आणि माळेचा नियम तोच आहे. सकाळी काच तापण्याआधी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. घरातल्या सगळ्यांनी पाळी लावा. फक्त सुनेवर टाकू नका. आम्ही परत आल्यावर पहिल्याच रविवारी हेच केले.

जयभीम! आणि जुले!